नापास लाइनवर माझी सही

फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि फोन काही लागत नाही, असं झालं की लोक फोनला शिव्या देतात, कंपनीला देतात, हवेला देतात. अशा वेळी मी गप्प बसतो. त्या शिव्या कधी कधी कुणाला लागू असतात ते मला माहीत आहे. पाच वर्षं मी त्याच कामावर होतो.

टॉवर आणि आपला फोन यांच्यामध्ये हवा असते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. टॉवरच्या पुढे काय, हे कुणी विचारत नाही. टॉवरपासून मुख्य एक्स्चेंजपर्यंत एक लाइन जाते. कुठे तांब्याची, कुठे काचेची, कुठे या डोंगरावरच्या डिश अँटेनाच्या थाळीतून त्या डोंगरावरच्या थाळीत. आपलं बोलणं एक आणि शून्य होऊन त्या लाइनवरून पळतं. तिला बॅकहॉल म्हणतात, आणि ती धड आहे की नाही ते तपासणं हे माझं काम होतं. पलीकडच्या टोकाला लूप लावायचा, म्हणजे जे जाईल ते तसंच परत फिरेल. अलीकडून टेस्टरने एक-शून्यांची ठरलेली माळ सोडायची. गेलेली माळ आणि परत आलेली माळ जुळली की लाइन पास. एक मणी जरी बदलला तरी टेस्टर तो मोजतो आणि पुढे वेळ छापतो. अशी टेस्ट चोवीस तास चालवायची आणि मग रिपोर्टवर सही करायची. चोवीस तास अशासाठी, की सकाळ, दुपार, रात्र, सगळ्या वेळा त्या लाइनवरून जाऊन याव्यात.

मी राजापूरकडचा. रत्नागिरीला डिप्लोमा केला, दोन वर्षं मुंबईत काढली आणि एजंट धरून दुबईत आलो. मोबाइल कंपनीने काम दिलेल्या कंपनीने ज्या कंपनीला काम दिलं होतं, त्या कंपनीत मी होतो. ऑफिस अल कुसैसमध्ये, गॅरेजांच्या रांगेवर पहिल्या मजल्यावर. दिवसभर खालून स्प्रे पेंटचा वास यायचा.

त्या ऑफिसात मराठी माणसं तीनच. मी, आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, आणि रिगर दादा.

दादा गुहागरकडचा, तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा. रिगर म्हणजे टॉवरवर चढणारा माणूस. थाळ्या बसवणं, अँटेना फिरवणं, केबल बांधणं, सगळं वर जाऊन. मी आलो त्या पहिल्या आठवड्यात त्यानेच मला बसचं कार्ड काढून दिलं, कुठल्या दुकानात उकडा तांदूळ मिळतो ते दाखवलं, आणि शुक्रवारी अजमानच्या मासळी बाजारात नेऊन बांगडा कसा घासाघीस करून घ्यायचा ते शिकवलं. माझ्या टेस्टरला तो पेटी म्हणायचा. साइटवर पोचलो की म्हणायचा, "हां, वाजव तुझी पेटी, मी वर जातो." वर गेल्यावर त्याला गप्पा मारायची हुक्की यायची. पन्नास मीटरवरून ओरडून तो मला गावच्या भानगडी सांगायचा. मला निम्म्या ऐकूच यायच्या नाहीत.

मॅनेजर पुण्याचे. त्यांना आम्ही सर म्हणायचो. मिरदिफमध्ये त्यांचा व्हिला होता. गणपतीत आम्हाला घरी बोलवायचे, मखर आमच्याकडून करून घ्यायचे, वाढताना स्वतः आग्रह करायचे. "अरे, आपण इथे एकमेकांना नाही धरलं तर कोण धरणार?" असं प्रत्येक वर्षी म्हणायचे. आज हे वाक्य आठवलं तरी माझं डोकं तडकतं.

तो टॉवर अजमानच्या हद्दीतला, पण अजमान शहरापासून तासाभराच्या अंतरावर, आत डोंगरात. आजूबाजूला खडी फोडणारे क्रशर, त्यांच्या कामगारांचा कॅम्प, चार-दोन खजुराच्या बागा. दुसऱ्या मोबाइल कंपनीचा सिग्नल डोंगराआड अडायचा, त्यामुळे सगळी दरी या एका टॉवरवर. एप्रिलमध्ये मी तिथे टेस्टर लावला, पेटीला कुलूप घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन कागदाची पट्टी फाडली. बसच्या तिकिटासारखा पातळ कागद. सकाळ स्वच्छ. संध्याकाळ, रात्र स्वच्छ. दुपारी एक बत्तीसपासून पावणेचारपर्यंत मात्र चुकांची रांगच रांग. लाइन मरत नव्हती. ती मरत मरत जगत होती.

हे पूर्ण मरण्यापेक्षा वाईट. लाइन साफ मेली तर टॉवर गप्प होतो आणि आपला फोन निदान दुसरा टॉवर शोधायला लागतो. अर्धमेल्या लाइनवर टॉवर हवेत 'मी आहे, मी आहे' सांगत राहतो, फोन त्याला चिकटून बसतो, काड्या भरलेल्या दिसतात, आणि पुढे काही जात नाही.

पट्टी घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेलो.

त्यांनी ती नीट पाहिली. कळत नव्हतं असं नाही. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळायचं. "दुपारी गरम होतंय काहीतरी," ते म्हणाले. "टॉवरखालच्या मशीनच्या कॅबिनेटमध्ये असेल."

"हो सर. एकदा उघडून बघायला पाहिजे. कार्ड बदलायला लागेल कदाचित."

"कार्ड मागवायला तीन आठवडे. हँडओव्हर गुरुवारी आहे." त्यांनी पट्टी माझ्याकडे सरकवली. "त्या वेळेला फोन करतंय कोण तिथे? क्रशरवाले झोपलेले असतात. तू असं कर, सकाळचे दोन तास परत घे आणि चोवीस लिही."

"सर, पण..."

"हबीबी, टेन्शन घेऊ नकोस. ऑगस्टमध्ये आपण जाऊच ना मेंटेनन्सला. तेव्हा करून टाकू. इन्शाल्ला." मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. "आणि हे तुझं सॅलरी सर्टिफिकेट. बायकोच्या व्हिसासाठी मागितलं होतंस ना? करतो सही. तू तुझी आण, मी माझी करतो."

असं ते हसत हसत म्हणाले. धमकी नव्हती. धमकी असती तर बरं झालं असतं, निदान चिडता आलं असतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दहा टेस्ट घेतली, स्वच्छ पट्टी जोडली, चोवीस लिहिलं आणि सही केली. पहिली पट्टी फेकवली नाही. घडी करून पाकिटात ठेवली. का ठेवली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मे महिन्याच्या शेवटी बायको आली. खोली सोडून आम्ही इंटरनॅशनल सिटीत एक स्टुडिओ घेतला. ती पडदे शिवत होती, ड्रॅगन मार्टमधून डबे आणत होती, आणि मी तो टॉवर विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच टॉवरवर एका अँटेनाचा कोन बदलायचं काम निघालं. दादा आणि मी, दोघंच. पिकअप मी चालवत होतो. सकाळी सातला पोचायचं होतं, पण गेटची किल्ली ज्याच्याकडे होती तो गडी येईपर्यंत साडेनऊ झाले. दादा एकदा चढला, अर्धं काम केलं, अकराला उतरला. त्याचा शर्ट पिळून काढावा असा झाला होता. सावलीत बसून त्याने दोन बाटल्या पाणी प्यायलं आणि म्हणाला, "बाकीचं उद्या पहाटे येऊन करतो. आता वर लोखंडाला हात लागत नाही."

मी सरांना फोन लावला. तेव्हा सव्वाबारा वाजले होते आणि फोन झटकन लागला.

"उद्या क्लायंटची माणसं येणार आहेत बघायला," सर म्हणाले. "आजच खलास करा."

"सर, ऊन फार आहे. दादा म्हणतोय..."

"दुपारची बंदी अजून सुरू झालेली नाही. ती जूनच्या मध्यापासून. यल्ला, अर्ध्या तासाचं काम आहे. दादाला दे फोन."

दादाने फोन घेतला. "हो सर. हो सर. करतो," म्हणाला. उन्हाळ्यात साडेबारा ते तीन बाहेर काम करायचं नाही असा इथला कायदा आहे, आणि तो चांगला कायदा आहे. तो लागू व्हायला आठ-दहा दिवस बाकी होते. उन्हाला ते कुणी कळवलेलं नव्हतं.

दादा चढला. नेहमी वरून ओरडणारा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी पिकअपच्या सावलीत उभा राहून वर बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी हाक मारली नाही. एक वाजून गेल्यावर तो उतरायला लागला. मध्यावर थांबला. हुक अडकवून तसाच शिडीला टेकून राहिला.

"दादा! काय झालं?"

 मग परत पायऱ्या उतरू लागला, एक एक, अंधारात उतरतात तसा चाचपत. शेवटच्या चार-पाच पायऱ्यांवर त्याचा हात सुटला आणि तो माझ्या अंगावर आला. आम्ही दोघं खाली पडलो. त्याच्या कपाळाला हात लावला तर गाडीचं बॉनेट लागावं तसं. आणि घाम नाही. सकाळी भिजलेला माणूस पूर्ण कोरडा.

"होडी कुणी सोडली?" तो मला म्हणाला. डोळे माझ्याकडे, पण मला बघत नव्हता. "भरती आहे, अरे. दोर बांध. दोर बांध ना."

मी खिशातून फोन काढला आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला. चार काड्या, सगळ्या भरलेल्या. फोनने दोनदा टुक टुक केलं आणि बंद झाला. परत लावला. परत तेच. दादाच्या खिशातला फोन काढला, त्याच्यावरून लावला. चार काड्या. काही नाही. सरांना लावला, ऑफिसला लावला, बायकोला लावला. सहाव्यांदा की सातव्यांदा फोन कानाला लावला तेव्हा माझी नजर स्क्रीनवरच्या घड्याळाकडे गेली. एक चाळीस.

हवेचा दोष नव्हता. फोनचा नव्हता. ही माझी लाइन होती. मला तिची वेळसुद्धा पाठ होती.

त्याच्या हार्नेसचे पट्टे धरून मी त्याला ओढत पिकअपपर्यंत नेलं. कसा आत टाकला ते आठवत नाही. एसी पूर्ण सोडला. पाण्याच्या बाटल्या चहासारख्या तापल्या होत्या, त्याच त्याच्या डोक्यावर ओतल्या. सहा किलोमीटरवर क्रशर होता. त्या कच्च्या रस्त्यावर मी पिकअप अशी हाणली की मागची शिडी उडून गेली, नंतर कुणाला तरी सापडली. दादा मध्येच होडीबद्दल बोलायचा, मध्येच गप्प. गप्प झाला की मी त्याला शिव्या घालायचो, म्हणजे तो काहीतरी बोलेल.

क्रशरच्या कॅम्पमध्ये एक केरळचा पुरुष नर्स होता. बारीक, चष्मा लावलेला माणूस. त्याने दादाला बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता ओरडला, "किचन से बर्फ लाओ! पूरा लाओ!" मासळीच्या पेटीतला बर्फ आला. कपडे कापून दादाला भांडी घासायच्या ओट्याशेजारी लादीवर झोपवलं, काखेत, जांघेत, मानेला बर्फ लावला, पिण्याच्या कूलरमधलं थंड पाणी बादलीने ओतत राहिलो. क्रशरच्या ऑफिसात लँडलाइन होती, तिच्यावरून कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली.

बर्फ चोळता चोळता नर्सने विचारलं, "साइट से फोन क्यों नहीं किया? वो लोग आधे रास्ते में मिल जाते."

"लगा नहीं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "हां. दोपहर में कभी नहीं लगता. डेढ़ महीने से ऐसा ही है. दो बार कंप्लेंट किया. वो बोलते हैं, टेस्ट रिपोर्ट पास है."

तो दादाकडे बघत होता म्हणून बरं. माझ्या तोंडाकडे त्याने बघितलं असतं तर त्याला कळलं असतं.

दादा वाचला. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. पहिले चार दिवस बेशुद्ध. मूत्रपिंडांना मार बसला, हातांना कंप राहिला. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब गार केलं म्हणून जीव राहिला, आणखी वीस मिनिटं आधी केलं असतं तर मूत्रपिंडंही राहिली असती. त्या वीस मिनिटांचा हिशेब मी आजपर्यंत कितीदा केला असेल. टॉवरपाशी मी फोनशी झटत किती वेळ घालवला? लागतोय असं दाखवणाऱ्या फोनशी?

तिसऱ्या दिवशी सर हॉस्पिटलमध्ये आले, सफरचंदांची पिशवी घेऊन. काचेतून दादाकडे बघितलं, "अरेरे" म्हणाले, आणि मला कॉरिडॉरच्या टोकाला नेलं.

"त्याला बीपीचा त्रास होता ना आधीपासून?"

"नाही सर."

"असणार. या वयात असतोच. तू इन्सिडेंट रिपोर्ट लिहिशील ना, त्यात लिही की ब्रेकनंतर गाडीत बसलेला असताना त्याला बरं वाटेनासं झालं. टॉवरचा उल्लेख नको. इन्शुरन्सला प्रॉब्लेम येतो."

"तुम्ही त्याला वर पाठवलंत, सर. फोनवर. सव्वाबारा वाजता."

"मी विनंती केली. चढायचं की नाही ते त्याने ठरवायचं असतं. अनुभवी माणूस आहे."

तिथे माझा आवाज चढला. हॉस्पिटल आहे, नर्सा बघतायत, कशाचं भान राहिलं नाही. "आणि फोन का लागला नाही ते पण लिहू का? एक बत्तीस ते पावणेचार? लिहू?"

ते जरासुद्धा चिडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची आहे?" असं म्हणाले, अगदी हळू, समजावणीच्या सुरात. "शांत हो. घरी जा. बायको नवीन आहे तुझी इथे."

मी घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं. पट्टी दाखवली. शेवटी म्हणालो, "तुझ्या व्हिसाचा कागद त्यांच्या टेबलावर होता ग. मी काय करणार होतो?"

ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली. "माझं नाव यात घेऊ नकोस," ती म्हणाली. "मला विचारलं होतंस? फोन करून म्हणाला होतास, की तुझ्या येण्यासाठी मी खोटी सही करतोय, करू ना? मी सहा महिने उशिरा आले असते. वर्षाने आले असते. आता आयुष्यभर मी त्या माणसाच्या किडनीवर इथे राहतेय असं वाटायला लावू नकोस मला."

इतकी चिडलेली ती मी पहिल्यांदा बघत होतो. मी पण ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या फिलिपिनो मुलींनी भिंतीवर थाप मारली तेव्हा आम्ही थांबलो.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथे आमचे रिपोर्ट स्वीकारणारी एक इमिराती इंजिनियर होती. तरुण, काळ्या अबायात, बोलायला मोजकी. मीटिंगमध्ये आमच्या सरांना ती नेहमी एक प्रश्न जास्त विचारायची म्हणून सर मागून तिची नक्कल करायचे. मी तिच्या टेबलावर पट्टी उलगडून ठेवली आणि सगळं सांगितलं. ती इंग्रजीत बोलायची, सावकाश, मला समजेल असं.

पट्टी वाचून झाल्यावर तिने एकच विचारलं. "असे आणखी किती?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. आत येताना मी मनात एक गोष्ट रचली होती. तिच्यात एक वाईट मॅनेजर होता, एक टॉवर होता आणि एकदाच चुकलेला मी होतो. तिने कोरा कागद माझ्यासमोर ठेवला, पेन ठेवलं. आणि मी लिहायला लागलो. कारण ही पहिली खोटी सही नव्हती. दीड वर्षापासून आम्ही अशा टेस्ट घेत होतो. कुठे दोन तास, कुठे पंधरा मिनिटं. बहुतेक लाइनी चांगल्याच होत्या, म्हणून कधी काही झालं नव्हतं, आणि काही झालं नाही म्हणून ते बरोबर वाटायला लागलं होतं. चौदा टॉवर लिहिले. शेवटचे दोन आठवायला वेळ लागला. ती वाट बघत बसली. तिने मला पाणी विचारलं नाही, धीर दिला नाही, रागावलीही नाही. कागद घेतला आणि म्हणाली, "तुम्ही आता आमच्या कुठल्याही साइटवर जायचं नाही. आणि आलात हे बरं केलंत." दोन्ही वाक्यं एकाच आवाजात.

चौदाही टॉवर परत तपासले गेले. तीन नापास निघाले. त्या डोंगरातल्या टॉवरचं कॅबिनेट उघडलं तेव्हा आत थंड हवा खेळवायला बसवलेला पंखा जागेवर होता, पण त्याची वायर कुणी जोडलेलीच नव्हती. पंख्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. पश्चिमेला तोंड करून उभं असलेलं ते कॅबिनेट रोज दुपारी भट्टी व्हायचं आणि आतलं कार्ड चुका करायला लागायचं. वायर जोडायला दहा मिनिटं लागली म्हणे. मला हे एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून सांगितलं, मजेदार बातमी सांगतात तसं. मी फोन ठेवून दिला आणि बाल्कनीतली कुंडी लाथेने फोडली. कार्ड नको होतं. तीन आठवडे नको होते. एप्रिलमध्ये कुणी ते दार उघडून बघितलं असतं, मी उघडलं असतं, तरी झालं असतं. कॅबिनेटची किल्ली माझ्याच कमरेला होती.

आमच्या कंपनीचं काम गेलं. माझी नोकरी गेली. महिन्याभरात मला शारजात फायर अलार्मच्या वायरिंगचं काम मिळालं, तिथेच आजही आहे. सर दुसऱ्या कंपनीत गेले, वरच्या जागेवर.

दादाला गावी पाठवलं. पुढच्या वर्षी सुट्टीत मी गुहागरला त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता, अंगाने निम्मा झालेला. वहिनींनी चहा आणला. कपबशी त्याच्या हातात वाजत होती, म्हणून त्याने ती खाली ठेवली. मी बोलणार तेवढ्यात त्यानेच विचारलं.

"लाइन खराब आहे हे तुला माहीत होतं? मी चढलो तेव्हा?"

"हो."

"मग आदल्या दिवशी सांगायचंस. मी गाडीत बर्फाची पेटी टाकून ठेवली असती, नाहीतर क्रशरवाल्यांचा एक माणूस बसवला असता. काहीतरी केलं असतं."  "विसरलास?"

"विसरलो, दादा."

"विसरलास," तो परत म्हणाला. आणि मग त्याने मला अशा शिव्या दिल्या की वहिनी आतून बाहेर आल्या. तो उठू शकत नव्हता, बसल्या जागेवरून देत होता. मी ऐकून घेतलं. वहिनींनी मला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. बस सुटायची वेळ झाली तसा मी निघालो. त्यानंतर त्याने माझा फोन कधी उचलला नाही. वहिनी उचलतात, तब्येत सांगतात.

गेल्या वर्षी दुबईत मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. बायको, मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी गेलो होतो. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा होतो तर मागून कुणीतरी पाठीवर थाप मारली. सर. केस पांढरे झालेले, कुर्ता भारी.

"अरे! कसा आहेस? किती वर्षांनी!" मग बरोबरच्या चार माणसांना म्हणाले, "हा आमचा जुना मुलगा. एकदम हुशार इंजिनियर." आणि माझ्याकडे वाकून, हळूच, "झालं गेलं विसरायचं. हो ना? दादा कसाय? बराय ना आता?"

"आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. "तुम्ही उन्हात टॉवरवर चढवलंत त्याला. आणि ॲम्ब्युलन्सला फोन लागत नव्हता, कारण लाइन नापास होती, आणि ती पास आहे असं तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत आणि मी लिहिलं."

रांग थांबली. वाढणाऱ्या बाईंच्या हातातला मसालेभाताचा डाव तसाच राहिला. सर हसत होते, पण इकडे तिकडे बघत. "अरे, ही काय जागा आहे का..." म्हणाले.

"हॉस्पिटल पण जागा नव्हती," मी म्हणालो. "मग कुठली?"

ते ताट ठेवून निघून गेले. कुणी माझ्या बाजूने बोललं नाही, कुणी विरुद्ध बोललं नाही. थोड्या वेळाने रांग पुढे सरकली. बायकोने माझं ताट हातातून घेतलं आणि म्हणाली, "चल, घरी जाऊन जेवू."

गाडीत मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, व्हाय वर यू शाउटिंग ॲट दॅट अंकल?"

मी तिला सांगितलं. शेख झायेद रोडवर गर्दी होती, वेळ भरपूर होता. टॉवर, लाइन, दादा, बर्फ, सगळं, तिला कळेल अशा भाषेत. तिने मधे मधे प्रश्न विचारले. पंखा कशाला असतो, हार्नेस म्हणजे काय. 

"बट यू साइन्ड इट," ती म्हणाली.

"हो."

"यू न्यू, अँड यू साइन्ड इट."

"हो बेटा. मीच केली सही."

आरशात बघितलं तर ती खिडकीबाहेर बघत होती. बायकोने मागे हात नेऊन तिच्या गुडघ्यावर ठेवला.